वेदर की क्लायमेट? मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेदर आणि क्लायमेट यांत नेमका फरक काय?

वेदर म्हणजे एखाद्या ठिकाणी, एखाद्या वेळी हवेची असलेली स्थिती: तापमान, पाऊस, वारा, आर्द्रता, ढग, हवेचा दाब. ती तासाभरात पालटते. सकाळी कडक ऊन आणि दुपारी चारला वळीव, हे वेदर.

क्लायमेट म्हणजे त्याच ठिकाणच्या वेदरचा अनेक वर्षांचा हिशोब. परभणीत मे महिन्यात पारा किती चढतो, बीडच्या पश्चिमेला पाऊस नांदेडपेक्षा किती कमी पडतो, जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा खंड किती वेळा आणि किती दिवसांचा पडतो, हे सगळं क्लायमेट. त्यात फक्त सरासरी येत नाही. चढउतार किती होतात आणि टोकाच्या घटना किती वर्षांनी येतात, हेही त्यातच धरतात. मराठवाड्यात हा चढउतारच जास्त महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच सरासरीच्या आकड्यात दिसत नाही.

मराठीत तर दोन्हीला हवामानच म्हणतात. मग गोंधळ कुठे होतो?

तिथेच होतो. शाळेच्या भूगोलात वेदरला ‘हवा’ आणि क्लायमेटला ‘हवामान’ असे वेगळे शब्द आहेत. पण शाळेबाहेर पडलं की ‘हवामान अंदाज’ हा वेदरचा असतो, ‘हवामान बदल’ हा क्लायमेटचा असतो आणि ‘भारतीय हवामान विभाग’ दोन्हींचं काम करतो. त्यात बोलताना आपण तिसराच शब्द वापरतो: ‘आज वातावरण खराब आहे.’ वातावरण म्हणजे खरं तर पृथ्वीभोवतीचं हवेचं आवरण, इंग्रजीत ॲटमॉस्फिअर.

उपाय सोपा आहे. मराठी वाक्यातल्या ‘हवामान’ शब्दाऐवजी एकदा ‘आजची हवा’ आणि एकदा ‘इथली नेहमीची हवा’ घालून पाहा. पहिलं बसलं तर इंग्रजीत वेदर, दुसरं बसलं तर क्लायमेट. ‘हवामान खराब असल्यामुळे विमान उशिरा आलं’ इथे आजची हवा बसते. ‘कोकणचं हवामान आंब्याला मानवतं’ इथे नेहमीची. परीक्षेत भाषांतराचा प्रश्न आला तर ‘हवामान’ दिसलं की क्लायमेट लिहून मोकळं होऊ नका. वर्तमानपत्री मराठीत हा शब्द बहुतेक वेळा वेदरच्या अर्थानं येतो.

‘टुडेज क्लायमेट इज व्हेरी हॉट’ हे वाक्य चूक का?

क्लायमेट हा आजचा नसतोच, म्हणून. ‘द वेदर इज व्हेरी हॉट टुडे’ किंवा नुसतं ‘इट इज व्हेरी हॉट टुडे’ म्हणा. ‘मराठवाडा हॅज अ सेमी-ॲरिड क्लायमेट’ हे मात्र बरोबर.

व्याकरणातही दोघांचं वागणं वेगळं आहे. वेदर हे न मोजता येणारं नाम, त्यामुळे त्याच्याआधी ‘अ’ लागत नाही. ‘व्हॉट अ लव्हली वेदर’ ही आपल्याकडे सर्रास ऐकू येणारी चूक आहे. बरोबर वाक्य ‘व्हॉट लव्हली वेदर’. क्लायमेट मोजता येतो: ‘अ ड्राय क्लायमेट’, ‘डिफरंट क्लायमेट्स’. आणखी एक फरक: वेदर क्रियापद म्हणूनही येतं आणि त्याचा अर्थ संकटातून तगून निघणं असा होतो. ‘द फार्मर्स वेदर्ड द ड्रॉट’ म्हणजे शेतकऱ्यांनी दुष्काळ काढला. ‘अंडर द वेदर’ म्हणजे बरं नसणं, त्यात पावसापाण्याचा संबंध नाही. ‘पोलिटिकल क्लायमेट’ म्हणजे राजकीय वातावरण. तिथे वेदर चालत नाही.

क्लायमेटसाठी ३० वर्षंच का धरतात?

दहा वर्षं घेतली आणि त्यात दोन-तीन कोरडी वर्षं आली तर सरासरी खाली ओढली जाते. शंभर वर्षं घेतली तर मधल्या काळात झालेला बदल झाकला जातो. ३० वर्षं हा जागतिक हवामान संघटनेनं ठरवलेला मधला मार्ग आहे. सध्याचा प्रमाण कालखंड १९९१ ते २०२० आहे.

भारतीय हवामान विभाग मान्सूनच्या पावसासाठी मात्र ५० वर्षांची सरासरी वापरतो, सध्या १९७१ ते २०२० ची. देशासाठी जून ते सप्टेंबरची ही सरासरी ८७ सेंटिमीटर आहे. आधी १९५१ ते २००० ची ८९ आणि १९६१ ते २०१० ची ८८ होती. म्हणून दोन सरकारी तक्त्यांत आपल्या जिल्ह्याची सरासरी वेगवेगळी दिसली तर लगेच कुणाची तरी चूक समजू नका. सरासरी कोणत्या वर्षांची आहे, ते तक्त्याच्या तळाशी पाहा. सरासरी बदलली की तूट-वाढीची टक्केवारीही बदलते.

‘यंदा सरासरीच्या १०५ टक्के पाऊस’ असा अंदाज आला. म्हणजे आमच्याकडे पाऊस चांगला होणार ना?

तसं त्यातून निघत नाही. एप्रिलमध्ये येणारा तो आकडा सगळ्या देशाचा आणि सगळ्या हंगामाचा मिळून असतो. मे महिन्याच्या अखेरीस सुधारित अंदाज येतो. त्यात देशाचे चार मोठे भाग पाडलेले असतात. मराठवाडा ‘मध्य भारत’ या भागात मोडतो, आणि त्याच भागात गुजरातपासून ओडिशापर्यंतचा मुलूख येतो. तिथला पाऊस भरपूर झाला आणि बीड जिल्ह्यातले आष्टी-पाटोदा कोरडे राहिले, तरी अंदाज खराच ठरतो.

इथे नॉर्मल या शब्दाचे दोन मापदंड आहेत आणि बातम्यांत त्यांची सरमिसळ होते. देशाच्या हंगामी पावसासाठी नॉर्मल म्हणजे सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के. जिल्हा किंवा मराठवाड्यासारखा हवामान उपविभाग असेल तर पट्टा बराच रुंद आहे: सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त, हे सगळं नॉर्मल. उणे २० ते उणे ५९ म्हणजे डेफिशियंट, त्याखाली लार्ज डेफिशियंट. अधिक २० ते ५९ म्हणजे एक्सेस. म्हणजे जिल्ह्यात १८ टक्के तूट असली तरी नकाशात तो नॉर्मलच्या हिरव्या रंगातच दिसतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. समजा हंगामाची सरासरी ६५० मिमी आहे. एका वर्षी ती ४० पावसाळी दिवसांत पडली, दुसऱ्या वर्षी १८ दिवसांत. कागदावर दोन्ही वर्षं सारखी नॉर्मल. रानात मात्र पहिल्या वर्षी सोयाबीन भरेल, आणि दुसऱ्या वर्षी शेंगा भरताना तीन आठवड्यांची उघडीप, मग काढणीला तळं. म्हणून एकूण मिमीसोबत पावसाळी दिवस किती आणि सगळ्यात लांब खंड किती, हे दोन आकडे नेहमी मागून घ्या. हवामान विभागाच्या व्याख्येत २४ तासांत २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झाला तरच तो पावसाळी दिवस.

शेतीच्या कोणत्या कामाला वेदर पाहायचं आणि कोणत्याला क्लायमेट?

निर्णय चार-आठ दिवसांत पलटवता येत असेल तर वेदर. एकदा घेतला की हंगाम किंवा दहा वर्षं बांधून ठेवत असेल तर क्लायमेट. जास्तीत जास्त नुकसान होतं ते या दोन्हींची अदलाबदल केल्यामुळे.

फवारणी हे शंभर टक्के वेदरचं काम. त्या दिवशीचा वारा पाहा. ताशी १५ किलोमीटरच्या वर असेल तर औषध शेजारच्या रानात जातं. फवारणीनंतर किती तास पाऊस नको, ते औषधाच्या लेबलवर असतं. तेवढ्या तासांचा अंदाज पाहूनच पंप भरा. काढणी, मळणी, हळद वाळवणं, कांदा उघड्यावर ठेवणं, यांनाही पुढच्या तीन दिवसांचा अंदाज लागतो. तीन दिवसांपर्यंतचा अंदाज सगळ्यात भरवशाचा. दहा दिवसांपर्यंतचा कल समजायला उपयोगी. त्यापुढच्या ठरावीक तारखेला ठरावीक गावात पाऊस सांगणारा कुणीही असला तरी त्यावर पेरणी करू नका. हवेतले बारीक फरक दिवसागणिक वाढत जातात आणि दोन आठवड्यांनंतर तारीखवार अंदाजाला आधारच उरत नाही.

पेरणीला दोन्ही लागतात. आपल्या भागात पावसाला सुरुवात लवकर होऊन मग मोठा खंड पडणं नवीन नाही. हे क्लायमेटचं ज्ञान. त्यातूनच ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन जमिनीत ओल खोल उतरल्याशिवाय पेरू नका, हा सल्ला आला. १ मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, एकरी साधारण ४,००० लिटर. २० मिमीच्या एका सरीनं वरची माती भिजते, पण काळ्या भारी जमिनीत खाली कोरडंच राहतं. बी उगवतं, ऊन पडतं, मोड करपतो आणि दुबार पेरणी येते. ओल आणि वाफसा (जमीन ओली पण चिखल नसलेली, पेरणीजोगी) असेल तर मग वेदर पाहा: पुढच्या चार-पाच दिवसांत पाऊस सुरू राहणार आहे का?

पीक, वाण आणि पाण्याची सोय हे क्लायमेटचे निर्णय. मागच्या वर्षी धरण भरलं म्हणून ऊस वाढवणं म्हणजे एका वर्षाच्या वेदरवर तीन वर्षांचं पीक लावणं. उसाला १,५०० ते २,५०० मिमी पाणी लागतं. आपल्याकडे पावसाळ्याची सरासरी साडेसहाशेच्या पुढेमागे. उरलेलं पाणी दरवर्षी कुठून येणार, हे आधी ठरवावं लागतं. खंड पडणारच हे धरून सोयाबीनमध्ये तूर ४:२ ओळींनी घेणं, रुंद वरंबा सरी पद्धतीनं पेरणं आणि शेततळं करणं, ही क्लायमेटला दिलेली उत्तरं आहेत. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल आणि बाजूंचा उतार एकास एक असलेल्या शेततळ्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावतं. ते एकरावर पसरलं तर सुमारे ५४० मिमी होतं, अर्थात झिरपा आणि बाष्पीभवन वजा न करता. आपल्या उन्हात ही वजावट मोठी असते, म्हणून अस्तरीकरणाचा खर्च टाळू नये.

मोबाईलमध्ये ‘पावसाची शक्यता ४० टक्के’ दिसते आणि हवामान विभाग ‘काही ठिकाणी पाऊस’ म्हणतो. दोन्ही एकच का?

नाही. मोबाईलमधल्या ४० टक्क्यांचा अर्थ असा: तुमच्या ठिकाणी, त्या वेळेत, मोजण्याइतका पाऊस पडण्याची शक्यता दहात चार. ४० टक्के वेळ पाऊस किंवा ४० टक्के जोरात पाऊस असा त्याचा अर्थ नाही. पाऊस किती पडेल हे तो आकडा सांगतच नाही.

हवामान विभागाचे शब्द क्षेत्र सांगतात, म्हणजे विभागातल्या किती केंद्रांवर पाऊस नोंदला जाईल ते. आयसोलेटेड, म्हणजे तुरळक ठिकाणी: २५ टक्क्यांपर्यंत केंद्रं. स्कॅटर्ड, काही ठिकाणी: २६ ते ५०. फेअरली वाइडस्प्रेड, बऱ्याच ठिकाणी: ५१ ते ७५. वाइडस्प्रेड, सर्वदूर: ७६ च्या वर. म्हणून ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ या वाक्यात विरोध नाही. थोड्याच गावांत पडेल, पण पडेल तिथे जोरात. शेजारच्या गावात पडला आणि आपल्याकडे नाही, एवढ्यावरून अंदाज चुकला असं म्हणता येत नाही.

मराठवाड्यासाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून कृषी हवामान सल्ला येतो, तो मंगळवारी आणि शुक्रवारी वाचावा. मेघदूत ॲपवर जिल्हानिहाय सल्ला मिळतो. विजेच्या इशाऱ्यासाठी दामिनी ॲप वेगळं आहे. एप्रिल-मे आणि जूनच्या सुरुवातीला रानात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ते असायलाच हवं.

यलो अलर्ट आणि ऑरेंज अलर्ट?

हे वेदरचे इशारे. यलो म्हणजे लक्ष ठेवा. ऑरेंज म्हणजे तयारीत राहा: जनावरं, काढलेला माल, मोटारी हलवायच्या असतील तर आताच हलवा. रेड म्हणजे कृती करा. रंग फक्त पावसाच्या आकड्यावरून ठरत नाही, संभाव्य परिणामही त्यात धरलेला असतो.

हेवी, व्हेरी हेवी, अतिवृष्टी, ढगफुटी: यांचे आकडे काय?

२४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी हेवी, ११५.६ ते २०४.४ व्हेरी हेवी, २०४.५ आणि त्यावर एक्स्ट्रीमली हेवी. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस नोंदला गेला की आपल्याकडे अतिवृष्टी धरतात. एकरी हिशोब केला तर ६५ मिमी म्हणजे २ लाख ६३ हजार लिटर पाणी. ढगफुटी हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. हवामान विभागाच्या मापानं तासाभरात १०० मिमी, तेही साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या लहान क्षेत्रात, तरच ती ढगफुटी.

तारखेची एक गोष्ट नीट समजून घ्या, पंचनाम्याच्या वेळी हीच नडते. २४ तास म्हणजे सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. १० तारखेच्या रात्री पडलेला पाऊस ११ तारखेच्या नोंदीत दिसतो. रात्री आठ ते सकाळी दहापर्यंत सलग झड लागली तर तोच पाऊस दोन तारखांत विभागला जातो आणि एकूण ८० मिमी होऊनही एकाही दिवशी ६५ ओलांडत नाही, असं होऊ शकतं. अर्जात घटनेची तारीख आणि वेळ दोन्ही लिहा. शिवाय पिकाचं ३३ टक्के किंवा जास्त नुकसान ही मदतीची अट वेगळी आहे. अतिवृष्टीची नोंद झाली म्हणजे ती आपोआप पूर्ण होत नाही.

फळपीक विम्याला ‘वेदर बेस्ड’ का म्हणतात?

तिथे भरपाई बागेचं नुकसान पाहून ठरत नाही, नोंदलेल्या वेदरवरून ठरते. मोसंबी, डाळिंब, केळी, आंबा अशा पिकांसाठी ठरावीक काळात ठरावीक तापमान, पाऊस किंवा खंड यांची मर्यादा ओलांडली की रक्कम लागू होते. नोंद धरतात ती महसूल मंडळातल्या संदर्भ हवामान केंद्राची. तुमच्या बागेत तापमान जास्त होतं आणि केंद्रावर कमी, तर केंद्राचं खरं धरलं जातं. म्हणून विमा भरतानाच आपलं केंद्र कोणतं आणि आपल्या पिकाच्या धोक्याच्या तारखा कोणत्या, ते लिहून घ्या. गारपिटीचं संरक्षण बऱ्याचदा वेगळं घ्यावं लागतं आणि त्याची सूचनाही वेगळी, मुदतीत द्यावी लागते.

ग्लोबल वॉर्मिंग आणि क्लायमेट चेंज एकच का?

जवळचे आहेत, एक नाहीत. ग्लोबल वॉर्मिंग म्हणजे पृथ्वीचं सरासरी तापमान वाढणं. २०११ ते २०२० या दशकाचं तापमान १८५०-१९०० च्या तुलनेत सुमारे १.१ अंश सेल्सिअसनं जास्त होतं. क्लायमेट चेंजमध्ये ही वाढ येतेच, शिवाय तिच्यामुळे बदलणारा पाऊस, वारे, समुद्रपातळी, उष्णतेच्या लाटा हेही येतं.

तापमान १ अंशानं वाढलं की हवेत सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा जोरात पडण्याची शक्यता वाढते, आणि मधल्या कोरड्या दिवसांत जमीन लवकर सुकते. एकाच हंगामात खंड आणि पूर दोन्ही येण्यामागचं एक कारण हेच.

मग दुष्काळ किंवा गारपीट झाली की तो क्लायमेट चेंजच म्हणायचा का?

एका घटनेवरून तसं म्हणू नका. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्याच भागात मुसळधार पाऊस झाला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीनं गहू, ज्वारी, हरभरा झोपवला. १९७२ चा दुष्काळ तर आजच्या बदलाच्या चर्चेआधीचा. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या प्रदेशात अनिश्चितता हा जुन्या क्लायमेटचाच भाग आहे. बदल झाला का, हे अशा घटना पूर्वीपेक्षा वारंवार किंवा तीव्र होतायत का यावरून ठरतं, आणि त्यासाठी अनेक वर्षांच्या नोंदी तपासाव्या लागतात. उलट बाजूही तितकीच खरी: डिसेंबरात परभणीचा पारा एक अंकी झाला म्हणून तापमानवाढ खोटी ठरत नाही. ती थंडी चार दिवसांचं वेदर आहे.

मृग, हस्त ही नक्षत्रं कशात मोडतात?

सूर्य दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास मृगात जातो. ‘मृगात पाऊस येतो’ ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेली क्लायमेटची नोंद आहे, आणि ती मोलाची आहे. हस्ताच्या पावसावर रब्बी ज्वारीची ओल अवलंबून असते, हेही खरं. पण यंदाच्या मृगात पाऊस येईल का, हा वेदरचा प्रश्न. त्याचं उत्तर नक्षत्र देत नाही. नक्षत्राचं वाहन बेडूक की कोल्हा, हे पंचांगाच्या गणितातून येतं. त्यात हवेचं कोणतंही मोजमाप नसतं.

कृत्रिम पावसानं दुष्काळी भागाचा क्लायमेट बदलेल का?

नाही. २०१५ आणि २०१९ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादहून विमानानं ढगांत बीजारोपण करण्याचे प्रयोग झाले. त्यासाठी आधी पुरेसं बाष्प असलेले ढग आभाळात असावे लागतात. खंडाच्या काळात नेमके तेच नसतात. फार तर त्या दिवसाच्या वेदरवर थोडा परिणाम होतो.

वेदरसारखे ऐकू येणारे किंवा दिसणारे दुसरे कोणते शब्द गोंधळात टाकतात?

‘व्हेदर’ म्हणजे ‘की नाही’. बहुतेकांच्या उच्चारात तो वेदरसारखाच ऐकू येतो, पण स्पेलिंग डब्ल्यू-एच-ई-टी-एच-ई-आर. हवेच्या वेदरमध्ये डब्ल्यूनंतर लगेच ई-ए येतं. ‘क्लायमॅटिक’ म्हणजे क्लायमेटसंबंधी. ‘क्लायमॅक्टिक’ म्हणजे उत्कर्षबिंदूचा, तो क्लायमॅक्सवरून आला. मध्ये एक ‘सी’ जास्त पडला की अर्थ साफ बदलतो.

‘वेदरिंग’ हा भूगोलातला शब्द, मराठीत विदारण. ऊन, पाऊस, हवा यांच्या माऱ्यानं खडक जागच्या जागी फुटणं, कुजणं. विहीर खणताना मातीखाली लागणारा मुरूम हा विदारण झालेला बेसाल्ट आहे आणि त्याखालचा काळा पाषाण हा विदारण न झालेला. इरोजन म्हणजे झीज मात्र वेगळी: तिथे वारा किंवा पाणी माती उचलून दुसरीकडे नेतं. बांध फुटून माती ओढ्यात गेली तर ते इरोजन, वेदरिंग नाही.